कोलंबीचे टरफल आणि कॉस्टिक सोडा

खेडच्या बाजारातली कोलंबी घरी येते, सोलली जाते आणि टरफले उकिरड्यावर जातात. फार तर माडाच्या बुंध्याशी. श्रोतेहो, आज त्या टरफलांविषयीच बोलावयाचे आहे. आम्ही कॉलेजची पायरी चढलो नाही. हे रसायनशास्त्र आम्ही कामगारांत वावरताना आणि रात्री पुस्तके चाळून शिकलो.

टरफलात मुख्यतः चुनखडी, प्रथिने आणि कायटिन असते. कायटिन म्हणजे साखरेसारख्या कड्यांची लांबलचक साखळी. कापसाच्या तंतूची बहीणच म्हणा ना! सौम्य हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडाने चुनखडी विरघळते, सौम्य कॉस्टिक सोड्याने प्रथिने सुटतात. उरते ते कायटिन. पण ते पाण्यात विरघळत नाही, मग त्याचे करावयाचे काय? ते ४०-५० टक्के कॉस्टिकच्या द्रावणात तापवितात. साखळी बरीचशी शाबूत राहते. कड्यांना लटकलेले अ‍ॅसिटिल गट मात्र गळून पडतात. आता त्याला कायटोसान म्हणावयाचे. ते व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लात विरघळते आणि तेथे त्याच्यावर धन विद्युत्भार येतो. रक्तपेशींवर ऋण भार असतो. त्या त्याला चिकटतात, गोळा होतात आणि रक्त थांबते. अशा पट्ट्या इराक व अफगाणिस्तानच्या लढायांत सैनिकांच्या जखमांवर बांधल्या गेल्या. सांडपाण्यातला गाळ खाली बसविण्यासही कायटोसान वापरतात. आपल्याकडे कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने या विषयावर पुष्कळ काम केले आहे.

आमच्या तालुक्यात लोट्याला रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. उद्या असा धंदा तेथे आला तर आम्ही आडवे येणार नाही. पण कॉस्टिकची पिंपे कोण ओतणार, हे आधी विचारू. कारण जे कॉस्टिक टरफलाची प्रथिने सोडविते, ते माणसाच्या कातडीचीही सोडविते.

पूर्वी एका कारखान्यात आमच्या एका सोबत्याच्या मनगटावर कॉस्टिक सांडले. अ‍ॅसिड लागले की झोंबते, माणूस धावतो. कॉस्टिक आधी नुसते साबणासारखे बुळबुळीत लागते, कारण कातडीतल्या चरबीचा खरोखरच साबण होत असतो. तो बिचारा फडक्याने पुसत राहिला. आग होऊ लागली तेव्हा मांस जळत आले होते, आणि पाण्याचा नळ फाटकाजवळ! त्या वर्षीच्या मागणीपत्रात आम्ही पगारवाढीच्या वर एक कलम घातले : नळ कॉस्टिकच्या टाकीपासून दहा पावलांत हवा. व्यवस्थापक हसले. नळ मात्र बसला.