तीन अक्षरांनंतर उघडणारी यादी

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांविषयी जे जे छापले गेले आहे त्याची एक सूची करावी, असे आम्ही चार-पाच जणांनी ठरवले, तेव्हा हे काम पुस्तकांचे आहे अशीच आमची समजूत होती. जुनी गॅझेटियर, किल्ल्यांवरची पुस्तके, चवदार तळ्याच्या सत्याग्रहावरचे ग्रंथ, शाळांच्या स्मरणिका, वर्तमानपत्रांची कात्रणे अशा नोंदी जमत गेल्या. त्या संगणकावर चढवल्या आणि वर एक शोधखिडकी ठेवली. लोक शब्द लिहीत आणि ‘नोंद सापडली नाही’ एवढे वाचून परत जात. पुष्कळदा नोंद असे. फक्त आमचा शब्द आणि त्यांचा शब्द वेगळा असे. म्हणून खिडकीला ऑटोकम्प्लीट जोडायचे ठरले. दोन-तीन अक्षरे लिहिताच खाली संभाव्य नावांची यादी उघडावी आणि माणसाने त्यातले आपले नाव उचलावे, एवढीच अपेक्षा होती. आठवड्याभराचे म्हणून हाती घेतलेल्या या कामात अख्खा पावसाळा गेला. त्यातून जे कळले ते इथे मांडतो, कारण ते संगणकाविषयी कमी आणि आपल्या नावांविषयी अधिक आहे.

ही सोय आता इतकी अंगवळणी पडली आहे की ती कधी नव्हती हे आठवत नाही. गुगलने ‘गुगल सजेस्ट’ या नावाने ती प्रयोग म्हणून डिसेंबर २००४मध्ये दाखवली. केव्हिन गिब्ज या अभियंत्याने ती तयार केली होती. गुगलच्या मुख्य पानावर ती २००८मध्ये आली. यंत्र आपल्या मनातले ओळखते, असा तेव्हापासून पुष्कळांचा समज आहे. प्रत्यक्षात यंत्राजवळ नावांची एक यादी असते आणि त्या यादीतून नाव काढून देण्याची एक रीत असते.

ती रीत आमच्याच भागातल्या उदाहरणाने सांगतो. कोणी ‘आंबे’ एवढेच लिहिले, तर त्याला काय हवे असेल? महाडात पहिले नाव अर्थातच आंबेडकर. पण पोलादपुराहून महाबळेश्वरला चढणारा घाट आंबेनळी आणि सावित्रीच्या काठचे, म्हसळा तालुक्यातले गाव आंबेत. शिवाय झाडाचे आंबे आहेतच. संगणकाच्या लेखी ‘आंबे’ म्हणजे चार चिन्हे : आ, अनुस्वार, ब आणि एकाराची मात्रा. ही चार चिन्हे सगळ्या नावांना समान, म्हणून ती एकदाच साठवायची. पुढे वाट फुटते. ‘ड’ आला की आंबेडकर, ‘न’ आला की आंबेनळी, ‘त’ आला की आंबेत. एका खोडातून फांद्या फुटाव्यात अशी ही रचना आहे. तिला ‘ट्राय’ म्हणतात. रने द ला ब्रियांदे यांनी ती १९५९ साली मांडली आणि एडवर्ड फ्रेडकिन यांनी १९६० साली तिला हे नाव दिले. शब्दकोशात आपण आधी ‘आ’चे पान काढतो, मग ‘आं’ आणि मग ‘आंबे’वर बोट ठेवतो. यंत्र तेच करते, फक्त फार वेगाने. प्रत्येक कळ दाबताच ते धावत सुटू नये म्हणून बोट साधारण पाव सेकंद थांबले की मगच विचारणा पाठवायची, एवढी एक काळजी घ्यावी लागते.

आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी कळली. शोध नावाच्या आरंभापासून घेतला की ‘चवदार तळे’ हे ‘तळे’ लिहून सापडत नाही. म्हणून नावातल्या प्रत्येक शब्दापासून वाट सुरू करावी लागते. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ ही नोंद ‘डॉ’, ‘बाबा’ आणि ‘आंबे’ या तिन्ही ठिकाणांहून सापडली पाहिजे.

इथवर सगळे सोपे होते. अडचण मराठी लेखनापाशी आली. २० मार्च १९२७ रोजी ज्या तळ्याचे पाणी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी प्याले, ते कुठे ‘चवदार’ तर कुठे ‘चौदार’ असे लिहिलेले आढळते. दुसऱ्याच चिन्हाला दोन्ही वाटा वेगळ्या होतात. घाट ‘आंबेनळी’ही आहे आणि ‘अंबेनळी’ही. शिवभारतकार परमानंदांची समाधी पोलादपुरात आहे. त्यांची पदवी ‘कवींद्र’, ‘कवीन्द्र’ आणि ‘कविंद्र’ अशी तीन तऱ्हांनी लिहिलेली दिसते. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२चे. त्याआधीच्या पुस्तकांत ‘गांव’, ‘नांव’, ‘तळें’ असे न उच्चारले जाणारे अनुस्वार आहेत. आजचा वाचक ‘गाव’ लिहितो आणि ‘गांव’ असलेल्या शीर्षकाला मुकतो.

काही भेद तर डोळ्यांना दिसतही नाहीत. रायगडाच्या ‘पायऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र संगणकात निरनिराळ्या पद्धतींनी साठवता येतो. कोणी त्यासाठी युनिकोडमधला स्वतंत्र ‘ऱ’ वापरतो, तर कोणाचा कळफलक साध्या ‘र’ला पायमोड आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावतो. कागदावर दोन्ही ‘पायऱ्या’ सारख्याच दिसतात, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात.

यावर उपाय असा की प्रत्येक नावाची दोन रूपे ठेवायची. एक दाखवायचे आणि दुसरे फक्त जुळवण्याचे. जुळवण्याच्या रूपात ऱ्हस्व-दीर्घ एक करायचे, अदृश्य चिन्हे काढायची, ‘न्द्र’ आणि ‘ंद्र’ एकच मानायचे, शब्दाच्या शेवटचा अनुस्वार गाळायचा. मात्र सरसकट सगळे अनुस्वार गाळून चालत नाही. तसे केले की ‘कोंड’चा ‘कोड’ होतो, आणि आमच्याकडे कोंड म्हणजे वस्ती. म्हणून ‘गांव’, ‘नांव’ यांसारख्या शब्दांची वेगळी यादी हाताने करावी लागली.

एवढे करूनही एक नाव अडले, आणि तेच सगळ्यांत महत्त्वाचे होते. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्या दिवसांतल्या बातम्यांत हे गाव ‘तळीये’, ‘तळिये’ आणि ‘तळई’ अशा तीन रूपांत छापले गेले. पहिली दोन रूपे ऱ्हस्व-दीर्घाच्या नियमाने एक झाली. ‘तळई’ राहिले. चुकलेले शब्द ओळखण्याची एक जुनी रीत आहे. एका शब्दाचा दुसरा शब्द करायला किती चिन्हे बदलावी, वाढवावी किंवा गाळावी लागतात ते मोजायचे आणि सर्वांत कमी फरकाचा शब्द सुचवायचा. व्लादिमिर लेव्हेनश्टाइन या रशियन गणितज्ञाच्या नावाने हे अंतर ओळखले जाते. ते लावून पाहिले. ‘तळई’चे ‘तळीये’ करायला एक चिन्ह बदलावे आणि दोन वाढवावी लागतात, अंतर तीन. ‘तळई’चे ‘तळा’ करायला एकच चिन्ह बदलावे लागते, आणि तळा हे याच जिल्ह्यातले दुसरे तालुक्याचे ठिकाण. ‘तळे’सुद्धा एकाच चिन्हाच्या अंतरावर. म्हणजे दरडीची बातमी शोधणाऱ्याला यंत्र मोठ्या विश्वासाने आधी दुसऱ्या तालुक्यात पाठवणार आणि मग सत्याग्रहाच्या तळ्यावर. गणित बरोबर होते आणि उत्तर चूक.

इथे कोणतीही युक्ती चालली नाही. ‘तळई म्हणजे तळीये’ हे कोणीतरी सांगावेच लागते. ग्रंथालयातल्या जुन्या कार्डांच्या खणांत हेच असे : ‘चौदार तळे – पाहा : चवदार तळे’. घाट चढून महाबळेश्वर, पाचगणीवरून उतरले की वाई लागते. तिथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश उभा राहिला. त्याच्या नोंदींतही ‘पहा’ हा शब्द वाचकाला एका नोंदीवरून दुसरीकडे नेतो. आम्ही तशीच ‘पाहा’ची वही घातली. कुलाबा – पाहा रायगड, ही त्यातली अगदी सुरुवातीची नोंद. जिल्ह्याचे नाव १९८१ साली बदलले. त्यामुळे १८८३ सालचा गॅझेटियरचा खंड ‘कुलाबा’ या नावाखाली आहे आणि ‘रायगड’ लिहिणाऱ्याला तो कधीच दिसला नसता.

वही भरताना लक्षात आले की काही नावे मुळात यादीतच नव्हती. गावांसाठी आम्ही महसुली गावांची यादी घेतली होती. कोकणात मात्र माणूस गावापेक्षा वाडीत राहतो. तळीयेत गाडली गेली ती कोंडाळकरवाडी. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखरची सुतारवाडी इथेही दरडी कोसळल्या. आमच्या यादीत तळीये होते, कोंडाळकरवाडी नव्हती. आणि नुसते ‘सुतारवाडी’ लिहूनही भागत नाही, कारण रोहा तालुक्यातही सुतारवाडी आहे. म्हणून प्रत्येक वाडीपुढे तिचे गाव आणि तालुका दाखवणे भाग पडले. ज्याला त्या यादीत आपली वाडी दिसत नाही, तो ‘यादी अपुरी आहे’ असे म्हणत नाही. ‘आपल्याविषयी काही छापलेलेच नाही’ असे समजून उठतो. शोधखिडकीचा खरा दोष हा आहे. ती नाही म्हणत नाही, फक्त नाव सुचवत नाही.

शेवटचा प्रश्न क्रमाचा. यादीत सात-आठ नावांनाच जागा; त्यांत वर कोणी यायचे? रूढ रीत अशी की जे लोक जास्त शोधतात ते वर. पण वरचे नाव दिसते म्हणून निवडले जाते, आणि निवडले जाते म्हणून वरच राहते. शिवाय गावाबाहेरची माणसे गावाचे नाव बहुधा संकटातच शोधतात. सुचवलेला शब्द हे एक प्रकारचे विधानच असते. जर्मनीच्या संघीय न्यायालयाने १४ मे २०१३ रोजी असा निर्णय दिला की एखाद्याच्या नावापुढे बदनामीकारक शब्द सुचवला जात असेल आणि तसे कळवले गेले, तर शोधयंत्र चालवणाऱ्याने तो काढला पाहिजे. लोकच तसे शोधतात, एवढे सांगून सुटका होत नाही.

आमच्या खिडकीत ‘तळी’ लिहिले की सर्वांत वर ‘तळीये दरड दुर्घटना’ येई. आकड्यांच्या हिशेबाने ते योग्यच होते. आमच्यातलाच एक जण त्या बाजूचा आहे. तो बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला की आधी गाव येऊ दे, दरड नंतर. त्यावर आमची चर्चा झाली नाही. त्याच दिवशी नियम केला : स्थळाचे नाव नेहमी पहिले, त्या स्थळी घडलेली घटना त्याखाली, मग तिचा शोध कितीही वेळा घेतला गेलेला असो. महाड आधी, पूर नंतर. पोलादपूर आधी, घाटातला अपघात नंतर.

आता ‘तळई’ लिहिले की खाली ‘तळीये (तळई), महाड’ अशी ओळ येते. लिहिणाऱ्याचा शब्द पुसला जात नाही. खिडकीखाली एक रिकामी चौकट आहे : ‘तुमचे नाव यादीत नसेल तर इथे लिहा.’ तिथे आलेली नावे आम्ही दर रविवारी वहीत चढवतो. बहुतेक वाड्यांचीच असतात.