कॅंटनचे चितारी व विलायतचे बागवान

चहाची पारख करणारा जॉन रीव्हज हा गृहस्थ १८१२ सालीं ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीवर चीन देशांतील कॅंटन बंदरीं गेला व १८३१ पर्यंत तिकडे होता. परकीयांस देशाच्या अंतर्भागांत जाण्याची त्या काळीं मनाई असे. व्यापाराचा हंगाम संपतांच त्यांनीं मकाव येथें जाऊन राहावें, असा कायदा. तेव्हां चिनी झाडेंझुडपें पाहावयाचीं तीं फा-ती येथील रोपें विकणाऱ्यांच्या कुंड्यांत, नाहींतर तेथील धनिक व्यापाऱ्यांच्या बागांत.

लंडनच्या उद्यानमंडळीस नवीं झाडें हवीं होतीं. परंतु शिडाचें जहाज, खारा वारा, गोड्या पाण्याची टंचाई आणि कित्येक महिन्यांचा प्रवास! मकाव येथील डॉक्टर लिव्हिंग्स्टन यानें १८१९ सालीं अजमास दिला कीं, हजारांत एखादेंच रोप जिवंत पोंचतें. ज्यांनीं लांबून कलमें मागविलीं आहेत, त्या आमच्या वाचकांस हें दुःख निराळें सांगावयास नको. रोप मेलें तरी चित्र मरत नाहीं. यास्तव रीव्हजनें चिनी चितारी पगारीं ठेवून आपल्या देखरेखीखालीं शेंकडों चित्रें काढविलीं व मंडळीकडे पाठविलीं. कोणतें झाड मागवावें, हें तीं पाहून ठरवितां येई.

चिनी चितारी फूल काढी तें पक्षी, कीटक यांच्या संगतींत, मनास रुचेल तसें. विलायती गिऱ्हाइकास मात्र कोऱ्या कागदावर एकटी फांदी पाहिजे. शिवाय कळी, फूल, फळ व कापलेल्या फळांतील बीं हीं एकत्र पाहिजेत. त्या चिताऱ्यांनीं हें परकें वळण उचललें आणि पानाच्या शिरेशिरेंत आपला हातही राखला. आमच्या मतें त्यांतच त्या चित्रांची खरी किंमत आहे. शेवंतीचे व कॅमेलियाचे नाना प्रकार त्यांत आहेत. जांभळ्या घोसांची चिनी विस्टेरियाची वेल १८१६ सालीं इंग्लंडांत पोंचली, त्या कामींही रीव्हजचा हात होता.

आमची हयात दप्तरांत गेल्यामुळें नजर प्रथम नांवाच्या रकान्याकडे जाते. रीव्हजचें नांव एका वृक्षजातीस मिळालें. तीस रीव्हेशिया म्हणतात. चिताऱ्यांपैकीं अकुत, अकाम, अक्यू व असंग हीं चार नांवें रीव्हजच्या वहींत टिपलेलीं आहेत, म्हणून तीं राहिलीं. आपल्याकडे तेवढेंही झालें नाहीं. पुण्यानजीक दापोडीच्या सरकारी बागेचा अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यानें १८४७ ते १८५० या काळांत वनस्पतींचीं चित्रें काढविलीं. तीं एडिंबरो येथील वनस्पति-उद्यानांत जतन केलेलीं आहेत. तीं काढणारा पोर्तुगीज वळणाचा हिंदी चितारी होता, इतकेंच माहीत आहे. त्याच्या नांवाचा रकाना कोरा आहे.