चुंबकाने परत मिळणारा उत्प्रेरक

'क्षपण' म्हणजे क्षय करणे. खनिजातील ऑक्सिजन जाऊन धातू उरतो तेथे हे नाव शोभते. परंतु नायट्रो संयुगाचे अमाइन होताना रेणूतून ऑक्सिजन जातो आणि हायड्रोजन येतोही. पॅरासिटामॉल ज्यापासून बनते ते पॅरा-अमिनोफिनॉल अशा क्षपणाने मिळते. वाळूज-चिकलठाण्यात औषधांचे कारखाने असल्यामुळे छत्रपती संभाजीनगरच्या अभ्यासकाला हा विषय परका नाही.

बेशाँ यांनी १८५४ साली असे क्षपण लोखंड व आम्ल यांच्या साहाय्याने साधले. त्यात लोखंड खर्ची पडते आणि त्याचा गाळ मागे उरतो. पॅलेडियमसारखा उत्प्रेरक खर्ची पडत नाही. तथापि त्याचे अतिसूक्ष्म कण गाळून काढणे जिकिरीचे असते. यास्तव ते मॅग्नेटाइटच्या, म्हणजे काळ्या लोह-ऑक्साइडाच्या, सुमारे १० नॅनोमीटर व्यासाच्या कणांवर बसवितात. चुंबक जवळ आणताच हे कण पात्राच्या भिंतीशी गोळा होतात. तो दूर नेला की त्यांचे चुंबकत्व मावळते आणि ते पुन्हा द्रवात पसरतात.

प्रयोगशाळेत यासाठी पॅरा-नायट्रोफिनॉल व सोडियम बोरोहायड्राइड घेण्याचा प्रघात आहे. उत्प्रेरक पडेपर्यंत द्रावण पिवळेच राहते. पडल्यावर ४०० नॅनोमीटरजवळील शोषण ओसरते. प्रयोग देखणा खरा, परंतु त्यात बोरोहायड्राइड कितीतरी पट जास्त वापरतात, हे 'हरित' म्हणताना विसरले जाते.

शिवाय कण परत आले म्हणजे पॅलेडियमही परत आले असे नव्हे. चुंबक ओढतो तो मॅग्नेटाइटला. त्यावरून सुटलेले पॅलेडियम द्रावणातच राहते. म्हणून प्रत्येक आवर्तनानंतर द्रावणातील धातू मोजणे अगत्याचे ठरते.