संगणकाची तोंडओळख, भाग ७ : सांधा कुठे आहे?

गेल्या भागात स्ट्रिंग म्हणजे काय ते पाहिलं. अवतरणचिन्हांत बसवलेली अक्षरांची ओळ, मग त्यात नाव असो, पत्ता असो की नुसते आकडे. आज अशा ओळी एकमेकींना जोडायच्या. प्रोग्रामर मंडळी याला ‘कॉन्कॅट करणं’ म्हणतात. बऱ्याच भाषांत त्यासाठी अधिकचं चिन्ह पुरतं. शिकायला दोन मिनिटं लागतात, आणि म्हणूनच बहुधा त्याकडे कुणी नीट बघत नाही.

पिंपरी-चिंचवडच्या रस्त्यावर कुठल्याही गाडीची नंबरप्लेट बघा. ‘एमएच’ + ‘१४’ + ‘एबी’ + ‘०१२३’. राज्य, आरटीओ, मालिका, क्रमांक. चौदाच्या जागी बारा लिहिलं की गाडी पुण्याची झाली. २०२१ मध्ये आलेल्या बीएच मालिकेत रचनाच वेगळी : आधी नोंदणीचं वर्ष, मग बीएच, मग चार आकडे आणि शेवटी अक्षरं. पाच अधिक तीन काय नि तीन अधिक पाच काय, बेरजेला फरक पडत नाही. स्ट्रिंगला पडतो.

शिवाय ‘१४’ ही स्ट्रिंग आणि १४ हा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी. जावास्क्रिप्टमध्ये ‘१४’ + १ केलंत तर ती भाषा निमूटपणे ‘१४१’ देते. पायथॉन सरळ एरर देऊन थांबतं. मला पायथॉनचा हा खडूसपणा आवडतो. गुपचूप चुकीचं उत्तर देण्यापेक्षा अडून बसलेलं बरं. एक्सेल याच्या अगदी उलट, भलतंच मदतीला धावणारं. सॅप या कंपन्यांच्या कारभाराच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हेंडर (पुरवठादार) कोड दहा जागांचा असतो, आकडा लहान असेल तर पुढे शून्यं भरलेली असतात. अशा कोडची फाइल एक्सेलमध्ये उघडली की त्याला वाटतं हा आकडा, आणि पुढची शून्यं गायब. मग त्यावरून जुळवलेला लेबलचा कोड आखूड पडतो, आणि माल घेऊन चाकणला गेलेला टेम्पो गेटवर ताटकळतो.

खरा घोटाळा मात्र जोडताना नाही, जोडून झाल्यावर कळतो. भोसरीतल्या एखाद्या वर्कशॉपचं स्टोअर घ्या. रॅक १, बिन ११. दोन्ही जोडले, ‘१११’. आता रॅक ११, बिन १ जोडा. तेही ‘१११’. दोन वेगळ्या जागांचा पत्ता एकच झाला, आणि बेअरिंग शोधणारा हेल्पर भलत्याच रॅकपाशी उभा. संगणकाच्या लेखी काहीच चुकलेलं नाही. त्यानं सांगितलं तसं जोडलं. सांधा कुठे होता हे लक्षात ठेवायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

यावर या पट्ट्यातल्या गाड्यांवरच एक नामी उत्तर कोरलेलं आहे : चेसिस नंबर. टाटाची पिंपरीची गाडी असो, महिंद्राची चाकणची असो की बजाजची पल्सर, नंबर १७ जागांचाच. पहिल्या तीन जागा कंपनीच्या : ‘एमएटी’ टाटा मोटर्स, ‘एमए१’ महिंद्रा, ‘एमडी२’ बजाज ऑटो. पुढच्या सहा गाडीच्या वर्णनाच्या, शेवटच्या आठ त्या एका गाडीच्या ओळखीच्या. मध्ये ना रेघ ना टिंब, तरी तोडता येतो, कारण प्रत्येक तुकड्याची रुंदी आधीच ठरलेली आहे. आय, ओ आणि क्यू ही अक्षरं तर यात वापरतच नाहीत. एक आणि शून्याशी गल्लत नको म्हणून.

रुंदी ठरवता येत नसेल तर मध्ये काहीतरी चिन्ह घालावं : ‘१-११’ आणि ‘११-१’. फक्त ते चिन्ह मालाच्या नावात येत नाही ना, हे पाहावं. स्वल्पविराम निवडलात आणि वर्णनात ‘बोल्ट, एम८’ असं लिहिलेलं निघालं, की पुढचे सगळे रकाने एकेक घर सरकले.

आता वेगाबद्दल. जावा आणि पायथॉनमध्ये एकदा तयार झालेली स्ट्रिंग बदलत नाही. मागे काही जोडायचं तर जुनं सगळं नव्या जागी उतरवून घ्यायचं आणि त्यापुढे नवं लिहायचं. चेसिस नंबर असे एकेक करून जोडत गेलो तर १०० गाड्यांसाठी सुमारे ८६,००० अक्षरं उतरवावी लागतात. १०,००० गाड्यांसाठी ८५ कोटी. गाड्या शंभरपट, काम दहा हजारपट! टेस्टिंगला शंभरच नोंदी असतात, तेव्हा हे लक्षात येत नाही. महिनाअखेरच्या रिपोर्टला येतं. पायथॉन काही वेळा आतल्या आत ही नक्कल वाचवतं, पण त्याच्या भरवशावर राहू नये. तुकडे आधी यादीत गोळा करावेत आणि ‘जॉइन’नं एकदाच जोडावेत. ते आधी एकूण लांबी मोजतं, तेवढी जागा घेतं आणि मग प्रत्येक अक्षर एकदाच लिहितं. जावात यासाठी ‘स्ट्रिंगबिल्डर’ आहे.

पुढच्या भागात उलटं काम, जोडलेली ओळ तोडायची. तोवर आपल्या आरसीवरचा चेसिस नंबर वहीत उतरवा आणि तीन, सहा, आठ असे तुकडे पाडा. गाडी फार जुनी असेल तर १७ जागा भरणार नाहीत. तसं झालं तर शेजाऱ्यांची आरसी मागून आणा.