पावसाचा जमाखर्च

हिंवाळ्यांत राष्ट्रीय सेवा योजनेचीं आणि उन्हाळ्यांत पाणलोटाच्या कामांचीं शिबिरें भरतात, हें महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांना आतां नवें राहिलेलें नाहीं. घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी आठवडाभर कोठल्याशा माळावर टिकाव-फावडें चालवून परत येते, तळहातावरचे फोड आजीला दाखविते, आणि वडील मंडळी कौतुकानें विचारतात, "किती चर खणलेत?" प्रश्न स्वाभाविक आहे, पण तो अर्धाच आहे. त्या चरांत मुरलेलें पाणी पुढें कोणाच्या विहिरींत निघालें, आणि त्यानें तें कशाला वापरलें, हा उरलेला अर्धा प्रश्न होय. मृद्-जलसंधारणाच्या कामाचें यशापयश माझ्या मतें या दुसऱ्या अर्ध्या भागावरच ठरतें, आणि तो भाग शिबिर उठल्यावर सुरू होतो.

आधीं काम कसें चालतें तें सांगितलें पाहिजे. पाऊस डोंगरमाथ्यावर पडतो, उतारावरून धांवूं लागतो, आणि धांवतांना माती घेऊन जातो. बोटाच्या पेराएवढी माती तयार होण्यास निसर्गाला शेंकडों वर्षें लागतात. ती वाहून जाण्यास वळवाचे चार सपाटे पुरतात. म्हणून कामाची सुरुवात माथ्यापासून करून पायथ्याकडे यावयाचें, हा पहिला नियम. माथ्यावर व उतारावर समपातळीचे चर, ओघळींत रचलेल्या दगडांचे बांध, शेतांत बांधबंदिस्ती, आणि सर्वांच्या शेवटीं नाल्यावरचा बंधारा. पुष्कळ ठिकाणीं हा क्रम उलटा केला जातो, कारण बंधारा दिसतो आणि चर दिसत नाहींत. मग दोन-तीन पावसाळ्यांत बंधारा गाळानें भरून जातो.

समपातळीची रेषा आंखण्याचें साधन मोठें मौजेचें आहे. सारख्या लांबीच्या दोन काठ्या वर एकत्र बांधून खालीं फांकवावयाच्या, मध्यें एक आडवी काठी बांधावयाची, आणि शेंड्यापासून दोरीला दगड बांधून ओळंबा सोडावयाचा. ओळंबा आडव्या काठीवरच्या मधल्या खुणेवर आला कीं दोन्ही पाय एका पातळीवर आले. मग एक पाय जागीं ठेवून दुसरा फिरवीत, पायाशीं फक्कीची खूण करीत, डोंगराच्या अंगानें चालत जावयाचें. समद्विभुज त्रिकोणाच्या शिरोबिंदूंतून पायावर टाकलेला लंब पायाला दुभागतो, हा सिद्धांत ज्या मुलांना वर्गांत कंटाळवाणा वाटतो, तींच मुलें माळावर त्याच्यासाठीं भांडतात, असें हें साधन आहे.

हें शास्त्र आपल्याकडे कालपरवां आलेलें नाहीं. सोलापूर येथें १९३३ सालीं कोरडवाहू शेतीचें संशोधन सुरू झालें. मुंबई प्रांतांत १९४२ सालीं जमीन-सुधारणा योजनांचा कायदा झाला, आणि त्याखालीं बांधबंदिस्तीचीं कामें निघालीं. १९७२ च्या दुष्काळांत तर लक्षावधि माणसें खडी फोडण्याच्या व पाझर तलावांच्या कामांवर होतीं. मातीकाम करण्यांत महाराष्ट्र कधींच मागें नव्हता. तरी पाणी कां पुरत नाहीं? याचें उत्तर अंकगणितांत आहे, आणि तें अंकगणित सातवीच्या मुलाला करतां येतें.

एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडलें. अवर्षणप्रवण भागांत वर्षाला ४०० मिलिमीटर पाऊस धरला, तर हेक्टरीं ४० लाख लिटर झालें. आंकडा मोठा दिसतो. पण त्यांतील बराच भाग वाफ होऊन जातो, कांहीं पिकें व गवत घेतात, कांहीं वाहून जातो. दख्खनच्या काळ्या पाषाणांत आपोआप मुरणारा भाग सामान्यतः शेंकडा दहापेक्षां कमीच धरतात. उदारपणें दहा धरूं. म्हणजे हेक्टरीं चार लाख लिटर भूमींत गेलें. आतां खर्चाची बाजू. एक हेक्टर उसाला वर्षाला सुमारें २००० मिलिमीटर पाणी लागतें. पावसाचे ४०० सोडले तर उरलेले १६०० मिलिमीटर, म्हणजे एक कोटी साठ लाख लिटर, विहिरींतून उपसावें लागतें. चाळीस हेक्टरांत आपोआप मुरलेलें पाणी एक हेक्टर ऊस पिऊन टाकतो. ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या सरकारी मापाप्रमाणें माणशीं रोज ५५ लिटर धरले, तर तेवढ्याच पाण्यांत सुमारें ८०० माणसांची वर्षाची गरज भागते.

आपल्या शिबिरार्थींचा चरहि याच वहींत मांडूं. दोन फूट रुंद, एक फूट खोल आणि दहा मीटर लांब असा चर एकदां भरला म्हणजे त्यांत सुमारें १८०० लिटर पाणी राहतें. तो पावसाळ्यांत दहा वेळां भरला आणि सारें पाणी मुरलें असें मानलें, तरी अठरा हजार लिटर झाले; म्हणजे एका माणसाच्या वर्षाच्या पाण्याहून थोडे कमीच. एका हेक्टर उसाच्या उपशाची भरपाई करावयास असे जवळ जवळ नऊशें चर लागतील. मुलें आठवडाभर घाम गाळून जें जमेस टाकतात, तें खर्ची पडावयास एक नवी कूपनलिका आणि एक उसाचा फड पुरे होतो. यांत त्या शेतकऱ्याला दुष्ट ठरविण्याचें कारण नाहीं. ज्याची विहीर भरली तो हमखास भावाचें पीक घेणारच. त्याच्या जागीं आपण असतों तर आपणहि तेंच केलें असतें. दोष आहे तो सामाईक पाण्याला कोणी हिशेबनीस नेमलेला नाहीं याचा.

असा हिशेब ठेवणारीं माणसें महाराष्ट्रांत झालीं आहेत. विलासराव साळुंखे हे पुण्याचे इंजिनियर व कारखानदार. १९७२ च्या दुष्काळांत पुरंदर तालुक्यांतील हाल पाहून त्यांनीं नायगांव येथें देवस्थानची चाळीस एकर पडीक जमीन खंडानें घेतली, माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांध घातले, पाझर तलाव व विहीर केली, आणि त्या उजाड टेकडीवर धान्य पिकवून दाखविलें. येथपर्यंतची गोष्ट पुष्कळांनीं केलेली आहे. त्यांची खरी थोरवी पुढेंच आहे. त्यांच्या 'पाणी पंचायतीं'त पाणी जमिनीच्या प्रमाणांत न देतां माणसांच्या प्रमाणांत द्यावयाचें ठरलें: माणशीं अर्ध्या एकराचें, आणि कुटुंबाला फार तर अडीच एकरांचें. उसासारखें बारमाही पीक घ्यावयाचें नाहीं. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जावयाचा नाहीं. खर्चाचा पांचवा हिस्सा लाभार्थींनीं स्वतः घालावयाचा. आणि ज्याला तसूभर जमीन नाहीं त्यालाहि पाण्यांत वाटा. या शेवटच्या कलमावर आपल्या घरांतून विचार व्हावा असें मला वाटतें. दगड वाहणारे आणि पाटी उचलणारे हात बहुधा भूमिहीनांचे असतात. पाणी मात्र विहीर असलेल्याच्याच दारीं जातें. साळुंखे २००२ सालीं वारले. त्यांचीं कलमें सरकारी योजनांनीं क्वचितच उचललीं, आणि भूमिहीनांचें कलम तर जवळ जवळ नाहींच.

दुसरें उदाहरण हिवरे बाजारचें. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यांतील हें गांव पावसाच्या छायेंत आहे. पोपटराव पवार १९८९ पासून गांवाच्या कारभारांत आले. १९९४ सालीं गांव आदर्श गांव योजनेंत आलें. चर, बांध, झाडें हीं कामें तेथें झालींच. चराईबंदी व कुऱ्हाडबंदी गांवानें आपण होऊन पाळली. गवत कापून न्यावयाचें, गुरें डोंगरावर सोडावयाचीं नाहींत, असें ठरलें. पण गांव टिकलें तें आणखी दोन नियमांवर: शेतीसाठीं कूपनलिका घ्यावयाची नाहीं, आणि ऊस-केळी लावावयाचीं नाहींत. पाऊस संपला म्हणजे किती पडला व विहिरींत किती आहे, याचा ताळेबंद ग्रामसभेपुढें मांडला जातो. आधीं माणसांच्या व गुरांच्या पिण्याचें बाजूला काढतात, आणि मग रब्बीला कोणतें पीक किती घ्यावें तें ठरतें. हा ताळेबंद गांवच्या शाळेंतील मुलेंहि शिकतात. पोपटरावांना २०२० च्या यादींत पद्मश्री मिळाली, आणि गांव पाहावयास बसगाड्या भरून पाहुणे जातात. पाहुणे छायाचित्र मात्र बहुधा झाडांचें आणि बंधाऱ्याचें काढून आणतात. ताळेबंदाच्या फळ्याचें काढणारा विरळा.

मधल्या काळांत एक मोठी लाट येऊन गेली. पानी फाउंडेशननें २०१६ सालीं तीन तालुक्यांत गांवोगांवची स्पर्धा सुरू केली. २०१९ पर्यंत ती शहात्तर तालुक्यांत पसरली. एक मे रोजीं शहरांतील माणसें सहकुटुंब श्रमदानाला जाऊं लागलीं. या चळवळीची 'हौस' म्हणून थट्टा झाली, ती मला पटत नाहीं. पंचेचाळीस दिवस एका माळावर काम केलेल्या दोन भाऊबंदांची बोलचाल सुरू झाली, एवढा लाभहि थोडा नव्हे. आणि पाण्याचे नियम करावयाचे तर बोलचाल आधीं लागते. माझी तक्रार यंत्रांविषयीं आहे. त्याच सुमारास नाले रुंद व खोल करण्याचीं कामें सरकारी योजनेंतून सर्वत्र निघालीं. यंत्रानें नाला पाषाणापर्यंत खरवडला कीं पाणी सांचलेलें सुरेख दिसतें. माथा मात्र तसाच उघडा राहतो. शिवाय यंत्राशीं ग्रामसभेची बोलचाल होत नाहीं.

चराईबंदीबद्दलहि एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. डोंगर बंद झाला म्हणजे पहिला फटका शेळ्या राखणाऱ्या निर्धन घराला बसतो. गवत वाढून गाईम्हशींना मिळतें तें नंतर, आणि बहुधा दुसऱ्याच घराला. ज्या गांवांत या शेळीवाल्यांना गवताचा वाटा किंवा मजुरी आधीं बांधून दिली जात नाहीं, तेथें कुंपण रात्रीं तुटतें. तें तुटणें मला अन्यायाचें वाटत नाहीं.

आतां शाळांकडे येऊं. चर खणणें हें काम मोठ्या मुलांचें. पण हिशेब ठेवण्याचें काम बारा वर्षांच्या मुलांना उत्तम जमतें, आणि तें वर्षभराचें आहे. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत कोठाराच्या जागीं एक अरत्नि रुंद तोंडाचें कुंड पर्जन्यमापनासाठीं ठेवावयास सांगितलें आहे. पुढें शेतीच्या प्रकरणांत तो देशोदेशींचें पर्जन्यमान देतो: जांगल प्रदेशाचें सोळा द्रोण, अनूप म्हणजे पाणथळ प्रदेशाचें त्याच्या दीडपट, आणि अपरांताचें, म्हणजे आपल्या कोंकणाचें, 'अमित'. कोंकणस्थ वाचकांनीं या विशेषणाचा अभिमान धरावयास हरकत नाहीं. मात्र वैशाखांत त्याच अमित पावसाच्या कित्येक वाड्या टँकरची वाट पाहत असतात, हेंहि लक्षांत असावें. सांगावयाचें तें इतकेंच कीं, धान्याच्या कोठाराशेजारीं पावसाचें माप ठेवणारा मनुष्य जमाखर्च जाणत होता. आजचें सरकारी पर्जन्यमापक बहुधा महसुली मंडळाला एक असतें, आणि एका मंडळांत बरींच गांवें येतात. वळवाचा पाऊस तर एका शिवारांत पडतो व दुसऱ्यांत पडत नाहीं. म्हणून शाळेच्या पटांगणांत, झाड किंवा भिंत जवळ नसेल अशा जागीं, स्वतःचें पर्जन्यमापक असावें. उभ्या सरळ बाजूंचें कोणतेंहि भांडें चालतें. पाण्याची खोली मिलिमीटरांत मोजली कीं झालें. वेधशाळेप्रमाणें रोज सकाळीं साडेआठ वाजतां मोजावें, वहींत लिहावें, भांडें रिकामें करावें. रविवार आणि गणपतीच्या सुट्टींत कोणी मोजावयाचें तें आधीं ठरवून ठेवावें, कारण वह्या तेथेंच तुटतात.

विहिरींचें काम याहून सोपें आहे. गांवाच्या वरच्या, मधल्या व खालच्या अंगाच्या मिळून पांच-सहा विहिरी ठरवाव्या, आणि मालकांची संमति घ्यावी. सरकारची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षणाच्या विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशा चार वेळां मोजते. तेच महिने धरावे, म्हणजे ताडा करतां येतो. सुतळीला वीत-वीत अंतरावर गांठी माराव्या, टोंकाला दगड बांधावा, आणि विहिरीच्या कांठावर रंगानें एक कायमची खूण करून तेथूनच दोरी सोडावी. जबाबदार मोठा मनुष्य बरोबर असल्यावांचून मुलांना कांठाशीं जाऊं देऊं नये. मोजणी पहांटे, पंप सुरू होण्यापूर्वीं करावी. उपसा चालू झाल्यावर घेतलेला आंकडा विहिरीचा नसून पंपाचा असतो. ऑक्टोबरचे आंकडे शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर, रस्त्यानें जाणाऱ्याला वाचतां येतील एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहावे, आणि तेहि रब्बीच्या पेरण्या पुऱ्या होण्याच्या आधीं.