‘फक्त बिअरच तर होती!’

दहावी-बारावीतला मुलगा रात्री उशिरा घरी येतो. तोंडाला बडीशेपेचा वास, नजर चुकवून थेट खोलीत. सकाळी आईने खोदून विचारले की उत्तर तयार असते, ‘फक्त बिअरच तर होती!’ मग घरात एकच निष्कर्ष निघतो: संगत वाईट!

संगतीचा वाटा आहेच. पण संगत बाहेर भेटते; परवानगी मात्र बरेचदा घरातूनच मिळालेली असते. वरातीत आडोशाला जाऊन ‘घेणारे’ काका-मामा मुले पाहतात. पाहुणे आले की सोडा, बर्फ, शेंगदाणे आणायला त्यांनाच पिटाळले जाते. दारूशिवाय आनंद साजरा होत नाही, हा धडा कुठल्याही क्रमिक पुस्तकात नाही. तो आपण शिकवतो. जाहिराती त्यावर सोड्याच्या नावाखाली झिलई चढवतात.

दुसरे कारण म्हणजे सहज मिळणे. कर्नाटकात १ जुलै २००७ पासून साराई बंद झाली, पण स्वस्त दारू संपली नाही. ९० मिलिलिटरची पाकिटे खिशात मावतात आणि पॉकेटमनीतही बसतात. चोर्ला घाट उतरला की गोवा. तिथे कर कमी, म्हणून दारू स्वस्त. कर्नाटकात २१ वर्षांखालील व्यक्तीला दारू विकायला मनाई आहे, महाराष्ट्रात कडक दारूसाठी ही अट २५ वर्षांची आहे. पण दुकानदार वय विचारतोच असे नाही.

आणखी एक कायदा पालकांनी लक्षात ठेवावा. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलाला दारू देणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हौसेने ‘एक घोट घे रे’ म्हणणारा काकाही यातून सुटत नाही.

केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार देशात १० ते १७ वयोगटातली सुमारे ३० लाख मुले दारू घेत होती. या वयात मेंदूची वाढ चालू असते. मोह आवरणारा, परिणामांचा विचार करणारा भाग तर पंचविशीच्या आसपास पक्का होतो. पंधराव्या वर्षाआधी सुरुवात करणाऱ्यांत पुढे व्यसन जडण्याचे प्रमाण, विशीनंतर सुरुवात करणाऱ्यांच्या सुमारे चौपट असल्याचे अमेरिकेतील अभ्यासात दिसले आहे.

मग करायचे काय? रात्री आरडाओरडा नको, मारहाण तर नकोच. मात्र मूल शुद्धीवर नसेल तर ‘झोपला की उतरेल’ म्हणून सोडू नका. कुशीवर वळवा आणि ताबडतोब दवाखान्यात न्या. एरवी सकाळी शांतपणे बोला. परीक्षेची धास्ती, मित्रांत हसे होण्याची भीती, घरातली भांडणे, एकटेपणा, यांपैकी काय सलते आहे ते त्याला सांगू द्या. मराठीत दारुडा म्हणा की कानडीत कुडुक, असा शिक्का मारलेले पोर पुन्हा मन उघडत नाही. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दोन्ही भाषांत बोलता येते, धारवाडला ‘डिमहान्स’ही आहे.

आणि वडिलांनो, मुलाला जाब विचारण्याआधी आपल्या हातातला ग्लास खाली ठेवा. त्याशिवाय आपल्या शब्दाला वजन येणार नाही.