स्वभावाच्या चाचण्या आणि आपला संवाद

‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ असे आपण म्हणतो. एकच निरोप दोघांना दिला, तर एकजण लगेच कामाला लागतो आणि दुसरा आधी चार शंका विचारतो. विचारणाऱ्याला कामचुकार ठरवले की गैरसमज वाढतो. असे स्वभावभेद ओळखता यावेत, म्हणून विसाव्या शतकात अनेक चाचण्या तयार झाल्या. त्यांपैकी तीन विशेष प्रसिद्ध आहेत.

पहिली मायर्स-ब्रिग्ज चाचणी. स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या आधारे अमेरिकेतील कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल मायर्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रश्नावली रचली. अंतर्मुख-बहिर्मुख यांसारख्या चार जोड्यांतून ती माणसांचे सोळा प्रकार पाडते. मात्र काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिल्यास अनेकांचा प्रकार बदललेला आढळतो.

दुसरी ‘डिस्क’ चाचणी. विल्यम मार्स्टन यांनी १९२८ साली मांडलेल्या विचारांवरून ती पुढे इतरांनी तयार केली. वर्चस्व, प्रभाव, स्थैर्य आणि काटेकोरपणा या चार वर्तनशैली ती दाखवते. ती समजण्यास सोपी असल्यामुळे कार्यालयीन प्रशिक्षणात वापरली जाते.

तिसरी पद्धत पाच गुणांची : बहिर्मुखता, सौजन्य, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता आणि नव्या अनुभवांविषयीची उत्सुकता. येथे माणसाला एखाद्या प्रकारात बसवत नाहीत. प्रत्येक गुणाचे प्रमाण मोजतात. उंचीप्रमाणेच याही गुणांत बहुतेक माणसे मधल्या पट्ट्यात असतात. म्हणून संशोधक या पद्धतीला अधिक विश्वसनीय मानतात.

चाचणीचे वर्णन आपल्याला पटले, एवढ्यावरून ते खरे ठरत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ साली आपल्या विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि सर्वांना एकच वर्णन दिले. ते आपलेच आहे असे समजून विद्यार्थ्यांनी त्याला पाचपैकी सरासरी चारांहून अधिक गुण दिले! राशिभविष्य पटते, तेही याच कारणाने.

मग या चाचण्यांचा उपयोग काय? शांत सहकाऱ्याला विचार करण्यास वेळ द्यावा, काटेकोर माणसाला तपशील आधी सांगावा, घाईत असलेल्याला मुद्दा थोडक्यात सांगावा, एवढे भान त्या देतात. परंतु ‘तो तसलाच’ असा शिक्का मारण्यासाठी त्या वापरल्या, तर माणसाची संधी हिरावली जाते. मायर्स-ब्रिग्ज चाचणीचे प्रकाशकही ती नोकरभरतीसाठी वापरू नये असे सांगतात. एखाद्याशी कसे बोलावे हे कळत नसेल, तर “तुम्हाला कसे सांगितलेले सोयीचे पडेल?” असे त्यालाच विचारावे. त्याचे उत्तर कोणत्याही चाचणीपेक्षा अधिक उपयोगी पडते.